कुजबुजीचे महिने

११ फेब्रुवारी

ताई,

अक्षरावरून ओळखलं असशीलच. एवढं वाकडं लिहिणारं आपल्या घरात दुसरं कोणी नाही. पत्ता तुझ्या जुन्या घरमालकिणीकडून काढला. आधी ती देईना, मग मी तिचा गळका नळ दुरुस्त करून दिला. म्हणजे आधी तो आणखी बिघडवला, मग दुरुस्त केला. त्यात अख्खी दुपार गेली आणि जेवणही तिथेच झालं. तुझ्याबद्दल चांगलं बोलते. म्हणते, "गुणी मुलगी, भाडं वेळेवर आणि घरात आवाज कसला तो नाही." मला ते ऐकून बरं वाटलं नाही. तुझा आवाज तर गल्लीच्या टोकापर्यंत जायचा.

तर मी बाबांकडे आहे. हसू नकोस. बोटीवरचं काम सुटलं, बुटांचे तळवे गेले, म्हटलं दोन दिवस टेकावं. ते दोन दिवस अजून चाललेत.

बाबा अजून मचाणावरच असतात. जंगल तेच, शिडी तीच, फक्त शिडीखाली आता तिकिटाची खिडकी झालीय आणि तिच्यात एक मावशी लोकर विणत बसलेल्या असतात. लोक लांबून गरुड बघायला येतात, ससाणे, घारी, जे उडेल ते. बाबा दाखवतात. मी बाजूला उभा असतो. मला कोणी नेमलेलं नाही, पण कोणी हाकलतही नाही.

तू का गेलीस ते मला ठाऊक आहे. मी जिन्यात बसलो होतो. तू स्वयंपाकघरात उभी राहून बाबांना सांगत होतीस की आता सासरी परत जाणार नाही, बाळ गेल्यापासून तिथे तुझ्याशी कोणी धड बोलत नाही. अर्धं सांगून झालं होतं आणि बाबांनी हात वर केला. "एक मिनिट." खिडकीबाहेर ससाणा होता. तो झाडांमागे गेल्यावर बाबांनी वळून बघितलं, "हं, बोल," तर तू नव्हतीस. फाटक वाजलं ते मी ऐकलं. बाबांनीही ऐकलं असणार.

त्यांच्या वतीने मी काही बोलत नाही. माझं एवढंच म्हणणं आहे की या हंगामात एकदा येऊन जा. गरुडाच्या जोडीने समोरच्या उतारावर जुनं घरटं पुन्हा डागडुजीला काढलंय. पिल्लं उडायच्या आत ये. पुढच्या वर्षी ये असं मी म्हणणार नाही, आणि का म्हणणार नाही ते विचारू नकोस. बाबांची तब्येत ठणठणीत आहे. शिडी माझ्याआधी चढतात.

तुझा,
भिंगरी
(अजून सगळे याच नावाने हाक मारतात. ठेवलंस तू, भोगतोय मी.)


८ मार्च

ताई,

उत्तर आलं नाही. नसू दे. मला लिहायला आवडायला लागलंय, शाळेत कधी आवडलं नाही.

मादी अंड्यांवर बसली. म्हणजे आता मचाणावर कुजबुज सुरू. तुला आठवतं ना, अंडी घातल्यापासून पिल्लं उडेपर्यंत मचाणावर कोणी मोठ्याने बोलायचं नाही, हा बाबांचा नियम. तो अजून आहे. शिडीच्या पहिल्या पायरीला लोकांचे आवाज उतरवून घेतात, लोक बूट काढतात तसे. गंमत अशी की कुजबुजताना सगळी माणसं सारखीच होतात. काल एक जाडजूड ट्रकवाला आणि त्याची बायको आली होती. मागे वळून न बघता सांगता आलं नसतं कोण बोलतंय.

आणि पक्षी द्यायची पद्धतही तीच. बोट दाखवायचं नाही, खुणा सांगायच्या. "वाळकं झाड. त्याच्या डोक्यावरून दोन हात वर. ढगाच्या कडेला." पुढच्याने पक्षी पकडला की म्हणायचं, "घेतला." तो "घेतला" म्हणेपर्यंत देणाऱ्याने नजर हलवायची नाही, नाहीतर दोघांच्याही हातून पक्षी जातो. पाहुण्यांना हे शिकवत नाहीत, ते आपले "हो हो, दिसला" म्हणतात, अर्ध्यांना दिसलेला नसतो. हे आपल्या तिघांतलं. तू पाच वर्षांची असताना छपरावरच्या कावळ्यालाही "घेतला" म्हणायचीस, असं बाबा सांगतात.

हो, सांगतात. तुझ्याबद्दल बोलतात. हल्ली जास्त.

मी त्यांच्या कानाशी असतो दिवसभर. बाबांना आता दुर्बीण लागत नाही. लोक थक्क होतात. "नुसत्या डोळ्यांनी कसं ओळखता हो?" बाबा म्हणतात, "सवय." तिकीटमावशी मला म्हणाल्या, "काय रे भिंगरी, तुझा पाय एका जागी टिकत नव्हता, आता बापाच्या सावलीसारखा चिकटलायस. काय भानगड आहे?" मी म्हटलं, "मावशी, तुमचं विणकाम उलटं चाललंय." त्यांनी बघितलं, खरंच उलटं चाललं होतं. सुटलो.

काल बाबांनी शर्ट उलटा घातला होता. विसरभोळे झालेत, दुसरं काही नाही.

तुझा,
भिंगरी


१९ एप्रिल

ताई,

तुझं कार्ड मिळालं. एकच ओळ, पण मिळालं. मी ते चार वेळा उलटून बघितलं, मागे आणखी काही असेल म्हणून.

"आयुष्यभर त्यांना मी दिसले नाही, आता मी त्यांना बघायला कशाला येऊ?"

मी बाबांना सांगितलं की तुझं कार्ड आलंय, तू बरी आहेस आणि कामात आहेस. ते म्हणाले, "दाखव." मी हातात दिलं. बराच वेळ धरून बसले. मग म्हणाले, "अक्षर अजून तसंच टपोरं आहे." मी हो म्हटलं. कार्ड त्यांनी उलटं धरलं होतं.

हे वाक्य खोडणार होतो. राहू दे.

ताई, एक गोष्ट आहे आणि ती तुला लिहायची नाही अशी मला शपथ घातलीय. बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून घातली, त्यामुळे मला ती मोडता येत नाही. मी कुणाचं फारसं काही पाळत नाही, हे एवढं पाळतोय. जिवावरचं काही नाही, घाबरू नकोस. पण या उन्हाळ्यात आलीस तर त्याला अर्थ आहे. पुढच्या उन्हाळ्यात आलीस तर बाबांच्या दृष्टीने येणं न येणं सारखंच. यापेक्षा सरळ मला सांगता येत नाही.

मी त्यांना म्हटलं, "सांगून टाकू का ताईला? सांगितलं तर धावत येईल." तर भडकले. भडकले म्हणजे कुजबुजत भडकले, मचाणावर होतो ना. "कीव करायला बोलावतोस तिला? तिला यायचं असेल तर माझ्यावर चिडून येऊ दे. दारातून शिव्या देत येऊ दे. मला ती तशी हवी आहे."

मी विचारलं, "आणि आली तर काय करणार?"

"काय करणार म्हणजे? बघत बसणार तिच्याकडे. गरुड जाऊ दे नाहीतर गरुडाचा बाप जाऊ दे."

मग थोड्या वेळाने म्हणाले, "तिच्या हनुवटीवर खूण होती ना रे, पडली होती ती?" मी म्हटलं, ती खूण माझ्या हनुवटीवर आहे. "हं," म्हणाले. "मग तिच्या कुठे होती?" तुला कुठे खूण होती, ताई?

एक पिल्लू बाहेर आलंय. कापसाच्या बोळ्याला भूक लागावी तसं दिसतं. दुसरं अंडं अजून तसंच आहे.

ये ना.

भिंगरी


२३ मे

ताई,

दोन्ही पिल्लं आता घरट्याच्या काठावर उभी राहून पंख झाडतात. धाकटं मोठ्याच्या डोक्यावर पाय देतं. आपलंच घर.

काल मी मचाणावर नव्हतो. दुर्बिणीच्या तिपाईचा एक पाय तुटला होता म्हणून सकाळीच खाली वेल्डरकडे गेलो. पाच मिनिटांचं काम. पण तो माणूस एका म्हातारीसाठी झोपाळा बनवत होता, आणि झोपाळ्याची साखळी वाजू नये म्हणून काय काय करतात ते मला माहीत नव्हतं. कडीत चामड्याचा तुकडा घालतात. मग मी एक कडी करून बघितली, ती बिघडली, मग दुसरी केली. तेवढ्यात पाऊस आला. त्याने चहा मागवला. त्याचं आणि त्याच्या भावाचं भांडण कशावरून झालं ते सगळं ऐकलं, ते पुढच्या पत्रात लिहीन, मजेशीर आहे. वर पोचलो तेव्हा लोक परतत होते.

बाबांना एकट्याने निभावावं लागलं. मला वाटलं रागावतील, तर खुशीत होते. म्हणाले, "जमलं रे. कोणाला काही कळलं नाही." आणि एक गंमत सांगितली. पाऊस थांबल्यावर एक बाई एकटीच आली होती. भिजलेली. बराच वेळ मागे उभी राहिली, बाकीचे गेले तरी तिथेच. मग बाबांनीच तिला पुढे बोलावलं, नर भक्ष्य घेऊन येत होता म्हणून. बाबांना त्याची हाक ऐकू आली होती आणि कावळे कुठून उठले तेही. खुणा सांगितल्या, वाळकं झाड, उजवीकडे, खाली. तर ती काय म्हणाली माहितीय? "घेतला."

बाबा मला म्हणतात, "पाहुण्यांना आपला शब्द तू शिकवतोस की काय?" मी म्हटलं, मी कशाला शिकवू. म्हणाले, "चांगली होती बाई. भिजून गार पडली असेल. पण पक्षी पटकन घेतला. एवढ्या वर्षांत एका पाहुण्याने पहिल्यांदा."

मला बरं वाटलं त्यांना असं बघून. हे तुला कळावं म्हणून लिहिलं. अजून थोडे दिवस आहेत, ताई.

भिंगरी


९ जून

ताई,

तू लिहिलंस, पुन्हा लिहू नकोस. तू लिहिलंस, या महिनाअखेर घर बदलतेय आणि नवा पत्ता कोणाला देणार नाही. हे पत्र त्याआधी पोचावं म्हणून मी आज ते स्वतः तालुक्याच्या मोठ्या पोस्टात नेऊन टाकणार आहे. मध्ये कुठे थांबणार नाही.

शपथ मोडली. आधी ते सांगतो.

बाबांना दिसत नाही. म्हणजे मधलं दिसत नाही. कडेचं दिसतं. समोर कोणाचा चेहरा असेल तर त्यांना केस दिसतात, कान दिसतात, मागचं झाड दिसतं, आणि चेहऱ्याच्या जागी ओल्या फडक्याने पुसलेल्या पाटीसारखं काहीतरी असतं. दोन वर्षं झाली. औषध नाही. डॉक्टर म्हणाले, येत्या हिवाळ्यापर्यंत कडाही जातील. वनखात्याला कळलं तर मचाण जाईल, म्हणून कोणाला सांगितलं नाही. मी आलो तेव्हा पहिल्या दिवशी मलाही कळलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्याऐवजी माझ्या खांद्याकडे बघून विचारलं, "बारीक झालास का रे?" तेव्हा कळलं.

त्यांना एखादी गोष्ट बघायची असली की ते तिच्या शेजारी बघतात. घारीकडे बघायचं असेल तर घारीच्या बाजूच्या रिकाम्या आभाळाकडे. मग ती कडेला येते आणि थोडी दिसते. पण माणसांशी असं केलं तर माणसांच्या लक्षात येतं. म्हणून मीच त्यांना शिकवलं. जेवणाच्या टेबलाशी समोर बसून रोज. "आवाज कुठून येतोय बघा. थोडं वर. डावीकडे. हां, आता माझ्या डोळ्यांत बघताय." त्यांनी इतकं घोटून बसवलं की मलाही कधी कधी वाटायचं, दिसतंय यांना.

तू लिहिलंस, "त्यांनी सरळ माझ्या डोळ्यांत बघितलं. मी वाट बघत होते. ते म्हणाले, बाई, जरा खाली वाका, फांदी आड येईल. मी वाकले. पक्षी घेतला, तसं म्हटलंही. ते हसले आणि माझ्या मागच्याला म्हणाले, पुढे या. मागे कोणी नव्हतं."

ताई, ते तुझ्याकडे सरळ बघत होते म्हणजे तू त्यांना दिसत नव्हतीस.

आणि तू कुजबुजलीस. तू नियम पाळलास. नऊ वर्षांनी आलीस आणि पहिल्या पायरीला आवाज उतरवून ठेवलास. एक शब्द मोठ्याने बोलली असतीस, शिवी दिली असतीस, तरी त्यांनी ओळखलं असतं. आंधळा झाला तरी तुझा आवाज ओळखेल तो माणूस. आणि मी तिथे असतो तर मी ओळखलं असतं. मी साखळीत चामडं घालत होतो.

तुझं पत्र आलं तेव्हा बाबा टेबलाशी बसून दुर्बिणीची काच पुसत होते. दुपार होती. विचारलं, "कोणाचं?" मी म्हटलं, "ताईचं." म्हणाले, "वाच." मी गाळून वाचणार होतो, खरंच. पण मला गाळत गाळत वाचता येत नाही, तेवढं शिक्षण नाही. सगळं वाचलं.

ते म्हणाले, "परत वाच." मी परत वाचलं.

काच पुसत राहिले. स्वच्छ झाली होती केव्हाच. मग म्हणाले, "मी तिला बाई म्हणालो."

मी पत्राची घडी घातली.

"काय नेसली होती?"

मी म्हटलं, "बाबा, मी नव्हतो ना तिथे."

"हं. तू नव्हतास." त्यांनी काच खाली ठेवली. "वाकली तेव्हा तिचे केस माझ्या मनगटाला लागले. ओले होते. आखूड केलेत का तिने?" मग त्यांनी स्वतःच्या मनगटाला हात लावून दाखवलं, कुठे लागले ते. मग तसाच हात धरून बसले.

मी खाली जाऊन तिकीटमावशींना विचारलं. त्या दिवशी भिजलेली एकटी बाई आली होती, कशी होती? मावशी म्हणाल्या, "पाऊस होता रे बाबा, मी डोकं वर काढलं नाही. खिडकीतून हात आला, तिकीट दिलं." मी विचारलं, "हात कसा होता?" त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मग त्यांना सगळं सांगितलं. आता त्यांनाही ठाऊक आहे, उद्या साहेबांनाही कळेल, कळू दे. मावशींनी सुया खाली ठेवल्या आणि म्हणाल्या, "हात चांगला होता. नखं कापलेली. अंगठी नव्हती." मी वर येऊन बाबांना तेवढं सांगितलं. त्यांनी मान हलवली. "अंगठी नव्हती," म्हणाले. "म्हणजे परत गेली नाही ती तिकडे. बरं केलं." जे तू त्या दिवशी स्वयंपाकघरात सांगत होतीस त्याचं उत्तर त्यांनी हे असं दिलं, नऊ वर्षांनी, मला.

मी म्हटलं, "मी जातो तिच्याकडे, घेऊन येतो." म्हणाले, "नको. ती आली होती. पावसात आली. आता तिने का यावं?"

काल धाकटं पिल्लूही उडालं. मोठं आधीच गेलं होतं. आता मचाणावर मोठ्याने बोलायला हरकत नाही. लोक बोलतात, हसतात. बाबा कोणाशी बोलत नाहीत. एखादी बाई शिडी चढून आली की मान वळवून तिच्या शेजारी बघत राहतात. मी शिकवलेलं सगळं सोडून दिलंय. लोकांना वाटतं म्हातारा काय उर्मट आहे, तोंडाकडे बघतही नाही. काल एकीने मला तसं ऐकवलं.

मी इथेच आहे. कुठे जात नाहीये. तुला खोटं वाटेल.

सकाळी बाबा म्हणाले, मला दोन ओळी लिहायच्यात. मी म्हटलं, सांगा, मी लिहितो. नाही म्हणाले. पेन घेतलं, कागदावर हात ठेवून कडा चाचपली आणि मान बाजूला करून लिहायला लागले. बराच वेळ लिहीत होते. मी मध्ये सांगितलं, बाबा, ओळ खाली घ्या. म्हणाले, "गप्प बस, भिंगरी."

ते या पत्राखाली आहे. सगळ्या ओळी एकाच ओळीवर गेल्यात, एकीवर एक. मी उजेडात धरून बघितलं, भिंगातून बघितलं. एकही शब्द सुटा होत नाही. मी विचारलं, "काय लिहिलंत?" पेनाचं टोपण लावत म्हणाले, "तिला कळेल."